एक नदी, दोन कारखाने आणि आपला प्लॅन

दरवर्षी जानेवारी-फेब्रुवारी आला की आपल्या सगळ्यांच्या ऑफिसात एक हंगाम सुरू होतो. प्लॅनिंगचा. पुढच्या वर्षीचं बजेट, हेडकाउंट, टार्गेट... मॅनेजर मंडळी मीटिंग रूम अडवून बसतात आणि शेवटी चाळीस स्लाइडचं एक प्रेझेंटेशन बाहेर पडतं. त्यात तिसरी किंवा चौथी स्लाइड हमखास "बिझनेस एन्व्हायर्नमेंट"ची असते. चार चौकोन: राजकीय, आर्थिक, सामाजिक, तांत्रिक. प्रत्येकात तीन-तीन मुद्दे. ही स्लाइड आली की सगळे हळूच मोबाइल काढतात. खरी मजा पुढे आकड्यांत आहे असा समज. (आणि स्लाइड गेल्या वर्षीचीच आहे, फक्त साल बदललंय, हेही सगळ्यांना माहीत असतं. :-) )

माझं मत बरोबर उलटं आहे. त्या चाळीस स्लाइडमध्ये वाचण्यासारखी तेवढी एकच असते. बाकीच्या सगळ्या म्हणजे बेरीज-वजाबाकी. बाहेरचं जग असं-असं राहील हे आपण आधी गृहीत धरतो आणि मग त्यावर आकड्यांचे मजले चढवतो. गृहीतक हललं की वरचे सगळे मजले हलतात, मग एक्सेल कितीही सुबक असो.

हे पटवायला हार्वर्डची केस स्टडी नको. कल्याणला कसाऱ्याच्या गाडीत बसा. पहिलं स्टेशन शहाड, दुसरं आंबिवली. शहाडला सेंच्युरी रेयॉन. आंबिवलीला उतरून मोहन्याकडे वळलात की एन.आर.सी., म्हणजे जुनी नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशन. दोन शेजारची स्टेशनं, एकच उल्हास नदी, एकच रेल्वे आणि माल जवळजवळ एकच. सेंच्युरी अजून चालू आहे. एन.आर.सी.ला नोव्हेंबर 2009 मध्ये टाळं लागलं आणि चार हजारांहून जास्त कामगार रस्त्यावर आले.

नव्या मंडळींसाठी थोडक्यात सांगतो, रेयॉन म्हणजे काय. लाकडाचा लगदा कॉस्टिक सोड्यात भिजवायचा, त्यावर कार्बन डायसल्फाइडची प्रक्रिया करायची, मग तो मधासारखा घट्ट द्राव बारीक भोकांतून गंधकाम्लाच्या टाकीत सोडायचा. तिथे त्याचं सूत होतं. रेशमासारखं चमकणारं, पण रेशमापेक्षा खूप स्वस्त. याला लागतं काय? भरपूर पाणी, भरपूर वाफ, भरपूर वीज, रसायनं आणि जवळ बाजारपेठ. आता नकाशा बघा. उल्हास नदी दाराशी, रेल्वे दाराशी, मुंबई बंदर पन्नास-साठ किलोमीटरवर आणि भिवंडीचे यंत्रमाग खाडीपलीकडे. स्वातंत्र्याच्या आसपास ज्यांनी ही जागा निवडली त्यांचं प्लॅनिंग पक्कं होतं, यात वाद नाही.

त्या काळातला बिझनेस एन्व्हायर्नमेंटही कसा होता बघा. बाहेरून सूत आणायचं तर आयात परवाना आणि जबर ड्यूटी. देशात कोणाला नवा कारखाना काढायचा तर दिल्लीहून लायसन. 1969 च्या मक्तेदारी कायद्यानंतर मोठ्या उद्योगघराण्यांना वाढायलाही परवानगी लागायची. म्हणजे एकदा आत शिरलेल्याला स्पर्धेची भीती बेतासबात. मोहन्यात रेयॉनच्या जोडीला टायरमध्ये घालायचा नायलॉन कॉर्ड आणि रसायनंही होऊ लागली. कारखान्याबरोबर कामगारांची वसाहत आली, दुकानं आली, भोंग्यावर चालणारं अख्खं गाव उभं राहिलं.

आता मोहन्यासारख्या कारखान्याच्या प्लॅनमध्ये न लिहिलेली गृहीतकं कोणती असणार, त्याची मी आपली एक यादी करतो. कंपनीच्या बंद खोलीत काय बोलणं झालं हा माझा विषय नाही. बाहेरून दिसणाऱ्या, पेपरात छापून आलेल्या तारखांपुरतंच बोलतो.

एक: चमकदार कृत्रिम धाग्यात आपल्याला स्वस्त पर्याय येणार नाही. 1982 मध्ये रिलायन्सचा पाताळगंगेचा पॉलिस्टर धाग्याचा कारखाना सुरू झाला, इथून काही तासांच्या अंतरावर. 1985 च्या वस्त्रोद्योग धोरणाने सुती आणि कृत्रिम धाग्यांमधला भेद कमी करायचं ठरवलं. त्यानंतर पॉलिस्टर ही श्रीमंतांची चैन राहिली नाही.

दोन: सरकारी भिंत टिकेल. 1991 मध्ये लायसन राज मोडीत निघालं. 1995 मध्ये जागतिक व्यापार संघटना आली, 2001 च्या डिसेंबरात चीन तिचा सभासद झाला.

तीन: टायर म्हणजे नायलॉन कॉर्ड. मोटारींमध्ये रेडियल टायर येत गेले. त्यांना पॉलिस्टर आणि पोलादी तारा लागतात. ट्रक-बसना वेळ लागला, पण दिशा तीच.

चार: नदी आपलीच आहे, पाणी घ्यायलाही आणि सोडायलाही. 1974 मध्ये जलप्रदूषणाचा कायदा झाला. शिवाय कल्याण-उल्हासनगरची वस्ती फुगत गेली आणि तीच नदी लाखो लोकांच्या नळात जाऊ लागली.

पाच, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं: जमीन म्हणजे नुसती पायाखालची जमीन. 1976 चा नागरी कमाल जमीन धारणा कायदा होता तोवर ते बऱ्यापैकी खरंही होतं. राज्याने 2007 च्या अखेरीस तो रद्द केला. तोपर्यंत कल्याणच्या पुढे टिटवाळ्यापर्यंत टॉवर चढायला लागले होते. म्हणजे ज्या जमिनीवर बसून तुम्ही सूत काढताय, ती जमीन सुतापेक्षा जास्त बोलायला लागली. मोहन्यातही टाळेबंदीच्या आधीच्या वर्षांत जमीन विकण्याचे व्यवहार सुरू झाले होते.

आता या यादीत अचानक असं काय आहे, सांगा बरं? एकही गोष्ट रात्रीतून झालेली नाही. प्रत्येकीच्या आधी वर्षानुवर्षं चर्चा झाली, समित्या बसल्या, अग्रलेख आले. "परिस्थिती अचानक बदलली" हे वाक्य आपल्याकडे फार स्वस्त झालंय. परिस्थिती सांगून-सवरून बदलते, बहुतेक वेळा.

इथे कोणी म्हणेल, अरे पण जागतिकीकरणापुढे एक कारखाना काय करणार? मुंबईच्या गिरण्या गेल्या, ठाणे-बेलापूर पट्टा ओस पडला, लालबहादूर शास्त्री मार्गावरचे कारखाने गेले. लाट होती ती!

मान्य. लाट होतीच. म्हणूनच शहाडकडे बघायचं. तीच लाट शहाडवरही आली. पॉलिस्टर तेच, चीन तोच, नदी तीच, प्रदूषण मंडळ तेच, जमिनीचे भावही तेच. फरक एवढा की सेंच्युरी रेयॉन हा एका मोठ्या कंपनीचा विभाग होता. त्याच कंपनीत सिमेंट होतं, कापड होतं, उत्तराखंडात लालकुआँला लगदा आणि कागद होता, आणि त्यात रेयॉनला लागणारा लगदासुद्धा. एका धंद्याचं वाईट वर्ष दुसरा धंदा निभावून नेतो. 2018 मध्ये शहाडचं धाग्याचं काम 15 वर्षांसाठी ग्रासिमकडे चालवायला दिलं गेलं, म्हणजे ज्यांचा धंदाच रेयॉनचा त्यांच्याकडे. 2019 मध्ये सिमेंट अल्ट्राटेकमध्ये गेलं. शहाडच्या जमिनीच्या एका भागावर त्याच समूहाचा गृहप्रकल्प आला. आणि 2024 मध्ये तर सेंच्युरी टेक्स्टाइल्सने स्वतःचं नावच बदललं: आदित्य बिर्ला रिअल इस्टेट!

म्हणजे गंमत बघा. जमीन सुतापेक्षा महाग झाली हे दोन्हीकडे खरं ठरलं. शहाडला कारखाना चालू असताना जमिनीचा विचार झाला, तर मोहन्यात कारखाना धापा टाकत असताना. एकच गृहीतक दोन्हीकडे तुटलं, पण ते तुटलेलं कोणत्या वेळी हिशोबात घेतलं गेलं यावर चार हजार घरांचं नशीब फिरलं.

शहाडचं फार कौतुकही करत नाही मी. पाठीशी मोठा समूह असणं हे काही प्लॅनिंगचं कर्तृत्व नव्हे, तो वारशाचा भाग आहे. शिवाय सप्टेंबर 2023 मध्ये तिथे स्फोट होऊन कामगारांचे जीव गेले. धंद्याचा प्लॅन चांगला असणं आणि सगळंच चांगलं असणं यात अंतर आहे. पण "पर्यावरण वाईट होतं, म्हणून बुडालो" या सबबीला शहाडची चिमणी हे रोखठोक उत्तर आहे, एवढंच म्हणायचंय.

मॅनेजमेंटच्या पुस्तकांत हेन्री फेयॉल नावाचा फ्रेंच गृहस्थ भेटतो. परीक्षेपुरती त्याची चौदा तत्त्वं पाठ करून आपण विसरतो. 1916 मध्ये त्याने व्यवस्थापनाची पाच कामं सांगितली आणि पहिलं काम म्हणून जो फ्रेंच शब्द वापरला त्यात दोन अर्थ आहेत: पुढचं बघणं आणि त्याची तरतूद करणं. आपण इंग्रजीतून "प्लॅनिंग" घेतलं आणि त्यातलं बघणं गाळून टाकलं. फेयॉल कोण होता? खाणीचा इंजिनिअर. 1888 मध्ये कंपनी त्याच्या हातात आली तेव्हा ती बुडायच्या बेतात होती, आणि कॉमॉन्त्रीच्या खाणीतला कोळसा संपत चालला होता. त्याने तोट्यातले कारखाने बंद केले, दुसरीकडे नव्या खाणी घेतल्या आणि कंपनी तगवली. त्याच्याकडे दहा वर्षांचे अंदाज केले जायचे आणि दर पाच वर्षांनी ते नव्याने लिहिले जायचे.

मला वाटतं खाणवाल्याला एक गोष्ट शिकवावी लागत नाही. कोळसा संपणार, हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं. सूत काढणाऱ्याला, टायर बनवणाऱ्याला, आणि हो, कोड लिहिणाऱ्यालाही वाटत असतं की आपली खाण अखंड आहे.

यावर आपल्या क्षेत्रातला ठरलेला आक्षेप: "हल्ली जग इतकं फास्ट आहे की लांबचं प्लॅनिंग करणं हाच वेडेपणा. आम्ही अजाईल आहोत." बरोबर, 2001 च्या अजाईल जाहीरनाम्यात प्लॅनला चिकटून बसण्यापेक्षा बदलाला प्रतिसाद देणं मोठं मानलंय. पण प्रतिसाद देण्यासाठी बदल झालेला आधी कळायला तर हवा! दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये तुम्ही रस्त्यातले खड्डे चुकवता. रस्ता कुठे चाललाय हे स्प्रिंट सांगत नाही. मोहन्यातही रोजची शिफ्ट वेळेवर भरत असणार, रोजचं उत्पादन मोजलं जात असणार. पण दिवसाचा हिशोब चोख असून दशकाचा हिशोब चुकू शकतो.

मग करायचं काय? आपण इंजिनिअर लोक, आपल्याला याचं उत्तर आधीच माहीत आहे. कोडमध्ये आपण असर्ट लिहितो: इथे ही किंमत शून्यापेक्षा मोठी असलीच पाहिजे, नसेल तर प्रोग्रॅम थांबव आणि बोंब मार. धंद्याच्या प्लॅनला असर्ट नसतात. गृहीतक मोडतं आणि प्रोग्रॅम खुशाल चालू राहतो, चुकीची उत्तरं देत, वर्षानुवर्षं.

तर माझी सूचना साधी आहे. प्लॅनच्या पहिल्या पानावर पाच रकाने आखा. पहिल्यात गृहीतक. दुसऱ्यात ते मोडतंय हे कशावरून कळेल ती खूण. तिसऱ्यात मर्यादा, म्हणजे खूण कुठवर गेली की जागं व्हायचं. चौथ्यात तेव्हा आपण नक्की काय करणार. पाचव्यात हे कोण बघणार आणि कोणत्या तारखेला. रेयॉनचंच उदाहरण घ्या. गृहीतक: पॉलिस्टर फार स्वस्त होणार नाही. खूण: भिवंडीच्या बाजारातला धाग्याचा दर. मर्यादा: दोघांच्या दरातला फरक सलग दोन तिमाही आपण ठरवलेल्या आकड्यापलीकडे गेला. कृती: साध्या सुताची क्षमता कमी करून पॉलिस्टरला जमत नाही अशा खास सुतात पैसे घालायचे. कोण: विक्रीचा अमुक माणूस, दर तीन महिन्यांनी. बस्स. याला कन्सल्टंट लागत नाही.

यापुढची सूचना मात्र मॅनेजर मंडळींना आवडणार नाही. हा कागद गेटवर लावा. सगळ्यांना दिसेल असा.

लगेच उत्तर येतं: छे, लोक घाबरतील, चांगली माणसं सोडून जातील, बाजारात पत जाईल. थोडंफार खरं आहे ते. पण दोन गोष्टी. पहिली म्हणजे, खुणा सगळ्यात आधी खालच्या माणसालाच दिसतात. कोणत्याही कारखान्यात डिस्पॅचच्या कारकुनाला कळतं की या महिन्यात ट्रक कमी लागले, स्टोअरवाल्याला कळतं की सुटे भाग उधारीवर येईनासे झाले. आपल्याकडेही क्लायंट सोडून जाणार हे अकाउंट मॅनेजरच्या आधी रात्रीच्या सपोर्टवर बसलेल्या पोराला कळतं, कारण तिकिटं यायची थांबतात. काय बघायचं हेच त्यांना सांगितलं नाही तर ते खबर कोणाला देणार?

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. प्लॅन चुकला तर किंमत कोण मोजतं? बँकेने कर्ज देतानाच तारण घेतलेलं असतं. भागधारकाला शेअर विकून बाहेर पडता येतं. कामगाराचं सगळंच एका ठिकाणी गुंतलेलं: पगार, फंड, ग्रॅच्युइटी, राहायची खोली, मुलांची शाळा. मोहन्यात 2009 नंतर कामगार वर्षानुवर्षं थकीत देण्यांसाठी भांडत राहिले. कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेतून अदानी समूहाकडे गेली. वसाहतीतल्या इमारती पाडायला सुरुवात झाली तेव्हा "आधी आमची देणी द्या" म्हणत तीच माणसं समोर उभी राहिली. कितीतरी जण या वाटेत निवृत्तीचं वय ओलांडून गेले, कितीजण जगातूनच गेले. ज्या प्लॅनवर आपलं आयुष्य उभं आहे, तो मोडतोय हे कळण्याचा हक्क या माणसांना नव्हता का? पंधरा वर्षं आधी कळलं असतं तर एखाद्याने पोराला वेगळा धंदा शिकवला असता, एखाद्याने गावची जमीन विकली नसती.

आणि आपण? जुलै 2025 मध्ये टीसीएसने सुमारे बारा हजार माणसं कमी करायचं जाहीर केलं. "टीसीएसमध्ये लागलास ना, मग सुटलास" असं ज्या घरांत म्हटलं जायचं, तिथे तो दिवस बराच शांत गेला असणार. आपल्याही प्लॅनची गृहीतकं काढून बघा. पगार दरवर्षी दहा टक्के वाढेल. डॉलर देणारा क्लायंट माणसांच्या संख्येवरच पैसे देत राहील. मला येणारी भाषा, मला येणारं टूल पुढची वीस वर्षं विकलं जाईल. आणि याच्या भरवशावर वीस वर्षांचं होम लोन, कदाचित शहाडच्याच एखाद्या टॉवरमध्ये, जिथून खाली रेयॉनची चिमणी दिसते! आपली ग्रॅच्युइटी कंपनीत, आरोग्य विमा कंपनीचा, ओळखी कंपनीतल्या. मोहन्याच्या कामगारापेक्षा आपलं निराळं काय आहे? गळ्यातलं कार्ड तेवढं निराळं.

म्हणून ते पाच रकाने एका रविवारी घरीही आखा. बायको-नवरा दोघांनी मिळून, होम लोनच्या कागदाशेजारी ठेवून. दर सहा महिन्यांची तारीख घाला. त्याने नोकरी वाचेल अशी हमी मी देत नाही. पण गृहीतक मोडल्याचं पेपर वाचून कळण्याऐवजी स्वतःच्या कागदावरून कळेल.

जाता जाता मोहन्याचीच ताजी गोष्ट. त्याच जुन्या एन.आर.सी.च्या जमिनीवर अदानी समूहाच्या अंबुजा सिमेंटचा सिमेंट ग्राइंडिंगचा प्रकल्प आणायचा प्रस्ताव पुढे आला. सप्टेंबर 2025 मध्ये जनसुनावणी झाली तेव्हा आसपासच्या गावांनी जोरदार विरोध केला. धूळ किती, ट्रक किती, पाण्याचं काय, नोकऱ्या कोणाला, असे प्रश्न अशा वेळी लोक विचारतात. काही मंडळींना हा विकासाला विरोध वाटतो. मला त्यात वेगळंच दिसतं. एकदा एका प्लॅनवर डोळे मिटून विश्वास ठेवून बसलेलं हे गाव आता नव्या प्लॅनची गृहीतकं उघडून दाखवा म्हणतंय. मॅनेजमेंटच्या कोणत्याही वर्गात याला चांगला प्रश्न म्हणतील.

तुमच्या ऑफिसात यंदाच्या प्लॅनिंग मीटिंगला ती तिसरी स्लाइड आली की मोबाइल खिशात ठेवा आणि एवढंच विचारा, "यातलं कुठलं वाक्य खोटं ठरलं तर आपण काय करणार?" काय उत्तर मिळतं ते मला जरूर कळवा.